स्वभावाला औषध आहे का?

रविवारची उपासना आटोपली की पाळकांशी दोन शब्द बोलायला काही माणसं मागे रेंगाळतात. त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एक जण वैतागून म्हणतो, "पाळकसाहेब, इतकी वर्षं प्रार्थना करतोय, पण राग काही जात नाही. घरात तोंड उघडलं की भांडण. देव माझा स्वभाव का बदलत नाही?" दुसरा प्रश्न बहुधा सगळे निघून गेल्यावर, खालच्या आवाजात येतो, "रोज शास्त्र वाचते, गुडघे टेकते, तरी सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?"

दोघांनाही पुष्कळदा एकच उत्तर मिळतं: आणखी प्रार्थना करा. सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण तो अपुरा आहे. पहिला प्रश्न स्वभावाचा आहे आणि दुसरा कदाचित आजाराचा. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे कितीतरी श्रद्धाळू माणसांनी विनाकारण स्वतःला दोषी मानून दिवस काढले आहेत. ख्रिस्ती परंपरेत या दोन्हींवर दीड हजार वर्षांहून अधिक काळ विचार झाला आहे. त्यातलं काय टिकलं आणि काय मागे पडलं, ते या प्रकरणात क्रमाने पाहू.

१. चार रस, चार माणसं

माणसांचे स्वभाव चार प्रकारचे असतात, ही कल्पना मुळात ख्रिस्ती नाही, ग्रीक आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या-चौथ्या शतकातला वैद्य हिप्पोक्रेटिस आणि त्याच्या परंपरेतले वैद्य मानत की शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस असतात. त्यांचा तोल राहिला की आरोग्य आणि बिघडला की रोग. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला पर्गममचा वैद्य गेलन याने या विचाराला पक्कं रूप दिलं आणि पुढे याच रसांवरून स्वभावांची विभागणी रुळली. रक्त प्रधान असेल तो उल्हासी, पिवळं पित्त प्रधान असेल तो तापट, काळं पित्त प्रधान असेल तो विषादी आणि कफ प्रधान असेल तो शांत. आयुर्वेदातल्या वात-पित्त-कफ प्रकृतींची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही भाषा फारशी परकी वाटणार नाही.

हे चार स्वभाव ओळखायला एक उदाहरण पुरे. चर्चमध्ये नाताळचं नाटक रंगात आलं आहे आणि अचानक वीज जाते. उल्हासी मुलगी अंधारातच गाणं सुरू करते आणि दोन मिनिटांत सगळं सभागृह तिच्यामागे गाऊ लागतं. तिने स्वतःचा पोशाख घरी विसरलेला असतो, ते निराळं. तापट सेक्रेटरी चार जणांवर खेकसतो, पण जनरेटर तोच आणवतो. नाटक लिहिणारा विषादी तरुण कोपऱ्यात जाऊन बसतो. 'असंच होणार होतं' हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, आणि वायर सैल आहे हे सकाळी फक्त त्याच्याच लक्षात आलेलं असतं. शांत स्वभावाचे खजिनदार मेणबत्त्या शोधून लावतात आणि 'येईल की लाइट' म्हणून जागेवर बसतात. त्यांना कधी कुणी रागावलेलं पाहिलेलं नाही, आणि स्वतःहून पुढाकार घेतलेलंही पाहिलेलं नाही.

चौघांपैकी कुणीही वाईट नाही. प्रत्येकाचं बळ आणि प्रत्येकाची उणीव एकाच ठिकाणाहून आली आहे.

२. चर्चने ही चौकट कशी घेतली

युरोपात मध्ययुगापासून ही विभागणी धर्मशिक्षणात, वैद्यकात आणि चित्रकलेत मुरली. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५२६ मध्ये 'चार प्रेषित' हे चित्र न्यूरेंबर्ग शहराच्या कौन्सिलला भेट दिलं. आज ते म्युनिकच्या संग्रहालयात आहे. चित्राखालचा मजकूर लिहिणारा सुलेखनकार योहान नॉयडॉर्फर याने नमूद करून ठेवलं आहे की त्यातल्या चार व्यक्ती म्हणजे चार स्वभाव आहेत. अभ्यासक त्यांची ओळख सहसा अशी पटवतात: योहान उल्हासी, पेत्र शांत, पौल विषादी आणि मार्क तापट.

विसाव्या शतकात हा विषय पुन्हा घरोघरी पोहोचला. ऑस्लोचे ल्यूथरन ईशज्ञान-प्राध्यापक ओले हालेस्बी यांनी स्वभाव आणि ख्रिस्ती विश्वास यांवर पुस्तक लिहिलं. हेच हालेस्बी दुसऱ्या महायुद्धात नाझी अंमलाला विरोध केल्याबद्दल ग्रिनी छावणीत कैदेत होते. त्यांच्या पुस्तकाचा आधार घेऊन अमेरिकन बॅप्टिस्ट पाळक टिम लाहे यांनी १९६६ मध्ये 'स्पिरिट-कंट्रोल्ड टेंपरामेंट' प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: स्वभाव जन्मजात असतो, तो बदलत नाही, पण पवित्र आत्मा त्यातल्या दुबळेपणावर काम करतो. लाहे यांनी बायबलमधल्या माणसांचीही वाटणी केली. पेत्र उल्हासी, पौल तापट, मोशे विषादी, अब्राहाम शांत.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. ड्यूररच्या चित्रातला शांत पेत्र लाहे यांच्या पुस्तकात उल्हासी झाला आहे आणि विषादी पौल तापट. शास्त्रवचनं तीच, माणसं तीच, शिक्के मात्र वेगळे. कारण उघड आहे. जिवंत माणूस एका खणात मावत नाही. पौल विरोधकांवर तुटून पडतो, तसाच मंडळ्यांना अश्रू ढाळत पत्रंही लिहितो. चार स्वभावांची चौकट स्वतःकडे पाहायला उपयोगी पडते. पण 'मी तापटच, मला असंच स्वीकारा' किंवा 'ती विषादी आहे, तिच्याकडून काही होणार नाही' असं म्हणायला तिचा वापर झाला की ती नुकसान करते.

३. विज्ञानाने काय ठेवलं, काय टाकलं

चार रसांची शारीरिक उपपत्ती आता इतिहासजमा झाली आहे. १६२८ मध्ये विल्यम हार्वीने रक्ताभिसरण उलगडून दाखवलं आणि एकोणिसाव्या शतकात रोगाचं मूळ पेशींमध्ये शोधलं जाऊ लागलं. काळं पित्त नावाचा रस शरीरात नाहीच.

निरीक्षणाचा भाग मात्र पूर्ण फुकट गेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला लंडनमधले मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी दोन मापं घेतली. एक, माणूस बाहेर रमतो की स्वतःत. दोन, त्याच्या भावना चटकन उसळतात की स्थिर राहतात. ही दोन मापं एकमेकांवर आडवी-उभी ठेवली की चार कप्पे पडतात. बहिर्मुख आणि स्थिर तो उल्हासी, बहिर्मुख आणि अस्थिर तो तापट, अंतर्मुख आणि अस्थिर तो विषादी, अंतर्मुख आणि स्थिर तो शांत. आजचे मानसशास्त्रज्ञ सहसा पाच मापं वापरतात आणि कप्पे पाडत नाहीत. उंची मोजावी तसं प्रत्येकाला प्रत्येक मापावर कमी-अधिक ठरवतात.

स्वभाव किती जन्मजात? जुळ्यांच्या अभ्यासांवरून असं दिसतं की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के फरक अनुवंशाशी निगडित असतो. उरलेला भाग आयुष्य घडवतं. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. काही मुलं पहिल्या महिन्यांपासूनच सोपी होती, काही अवघड, तर काही नव्या माणसाशी हळूहळू रुळणारी. अवघड बाळाचं पुढे काय होतं, हे पुष्कळसं त्याच्या भोवतालच्या माणसांना त्याच्याशी जमवून घेता येतं की नाही, यावर ठरतं असं त्यांना आढळलं. घर बदललं नाही आणि मुलालाच सतत दोष दिला, तर स्वभावाचं रूपांतर समस्येत होतं.

४. पेत्राचं काय बदललं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला पेत्रासारखा माणूस नाही. शुभवर्तमानांत तो सतत आधी उडी मारतो आणि मग विचार करतो. येशूला पाण्यावर चालताना पाहून तोही नावेतून उतरतो, आणि वारा दिसताच घाबरून बुडू लागतो. अटकेच्या रात्री तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान कापतो. त्या दासाचं नाव मल्ख होतं, असं योहान सांगतो. त्यानंतर काही तासांतच शेकोटीपाशी एका दासीने विचारलं, तेव्हा हाच शूर माणूस 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून मोकळा होतो.

पुनरुत्थानानंतर पेत्र वेगळाच माणूस झाला का? योहानाच्या शेवटच्या अध्यायात किनाऱ्यावर येशू आहे हे कळताच बाकीचे शिष्य नाव वल्हवत आणतात आणि पेत्र अंगरखा कमरेला गुंडाळून पाण्यात उडी टाकतो. स्वभाव तोच. पन्नासाव्या दिवशी गर्दीपुढे उठून बोलतो तेव्हाही तोच उतावीळपणा आहे, फक्त आता तो कामी लागला आहे. बरं, दुबळेपणाही पूर्ण गेलेला नाही. पुढे अंत्युखियात यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसणारा पेत्र यरुशलेमहून काही माणसं आल्यावर पंगत सोडून बाजूला होतो आणि पौलाला त्याला तोंडावर सुनवावं लागतं. शेकोटीपाशी त्याला ज्या भीतीने पकडलं होतं तीच, समोरचे काय म्हणतील ही भीती, इथे पुन्हा आली होती.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. काळी जमीन पाणी धरून ठेवते म्हणून तिच्यात कापूस येतो, आणि पाऊस जास्त झाला की त्याच गुणामुळे मुळं कुजतात. मुरमाड जमिनीत पाणी ठरत नाही, पण डाळिंब आणि सीताफळ तिथेच चांगलं येतं. जमिनीचा पोत बदलत बसण्यापेक्षा शेतकरी पीक, निचरा आणि खत यांचा विचार करतो. ख्रिस्ती शिकवणीत पवित्र आत्म्याच्या कामाची कल्पना याच्या जवळची आहे. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची जी यादी आहे तिच्यात प्रीती, सहनशीलता, ममता, इंद्रियदमन आहे. तिच्यात बोलकेपणा किंवा अबोलपणा नाही.

मग रागाचं काय करायचं? राग येणं स्वभावाचं आहे. त्या रागात पानावर बसलेल्या मुलाला घालूनपाडून बोलणं ही कृती आहे, आणि पश्चात्ताप कृतीचा करायचा असतो. या फरकाने कामाची दिशा ठरते. तापट माणसाने 'मला रागच येऊ नये' अशी प्रार्थना करून दर आठवड्याला निराश होण्यापेक्षा राग चढायची वेळ ओळखावी, तेव्हा खोलीबाहेर जावं, आणि बोलून गेलंच तर त्याच दिवशी माफी मागावी.

५. टिळकांचं घर

मराठी वाचकासाठी याचं सगळ्यात जिवंत उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातले टिळक क्षणात भडकतात आणि क्षणात विरघळतात. हातातला पैसा समोरच्या गरजूला देऊन रिकामे होतात. मनात आलं की घर सोडून निघतात. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि सोवळ्याच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. सुमारे पाच वर्षं नवराबायको वेगळी राहिली. पुढे त्या परत आल्या आणि १९०० मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या.

बाप्तिस्म्याने टिळक शांत झाले का? लक्ष्मीबाई तसं काही भासवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचं लिखाण इतकं मोलाचं आहे. अस्वस्थ टिळक अस्वस्थच राहिले. पण ज्या ओढीने ते पूर्वी घर सोडून भटकत, तीच पुढे मराठी भजनांत उतरली, आणि ती भजनं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. ज्या अधीरपणाने घरच्यांना हैराण केलं, त्यानेच १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायला लावलं. लक्ष्मीबाईंचा पिंड निराळा. त्या सोसतात, निरीक्षण करतात आणि हसतात. सोवळं-ओवळं त्यांनी नवऱ्याच्या धडाक्याने टाकलं नाही. स्वतःशी वाद घालत, आपल्या वेळेने टाकलं. एकाच घरात, एकाच विश्वासात दोन माणसं दोन गतींनी चालली आणि दोघांनाही वाट सापडली.

६. झुडपाखालचा एलीया

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी आधी स्वभाव आणि आजार वेगळे करू.

विषादी स्वभावाचा माणूस आयुष्यभर थोडा गंभीर असतो, पण तो कामावर जातो, जेवतो, आवडीच्या गाण्याने खुलतो. नैराश्याच्या आजारात मूळचा माणूसच हरवल्यासारखा होतो. निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसातला बराचसा वेळ मन उदास राहतं किंवा कशातच रस वाटत नाही. त्याच्या जोडीला झोप बिघडते, भूक बदलते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, विनाकारण अपराधी वाटतं, जगणं नको वाटतं. हा आजार उल्हासी माणसालाही होतो, आणि 'तो तर किती हसतमुख' म्हणून घरचे महिनोन्महिने गाफील राहतात.

पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली एलीयाची हकिकत या दृष्टीने सावकाश वाचण्यासारखी आहे. कर्मेल डोंगरावर या संदेष्ट्याने आयुष्यातला सर्वांत मोठा विजय मिळवला आहे. लगेच राणी ईजबेलची धमकी येते आणि तो जीव घेऊन पळतो. चाकराला बैर-शेबात ठेवून एकटाच रानात एक दिवसाची वाट चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो.

पुढे काय होतं त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. देव त्याला विश्वासावर प्रवचन देत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा लोटा. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला घालतो, आणि वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे हे कबूल करतो. मग चाळीस दिवसांचा होरेबपर्यंतचा प्रवास. तिथे देव 'तू इथे काय करतोस' असा प्रश्न विचारतो आणि एलीयाला मन मोकळं करू देतो, तेही दोनदा. भेट होते ती वादळात, भूकंपात किंवा अग्नीत नव्हे, तर मंद वाणीत. सगळ्यात शेवटी त्याला झेपेल असं काम मिळतं, अलीशा नावाचा सोबती मिळतो, आणि 'मी एकटाच उरलो' हा त्याचा समज दुरुस्त होतो: इस्राएलात देवाशी एकनिष्ठ असे आणखी सात हजार आहेत.

आधी झोप आणि अन्न, मग बोलणं, मग सोबत आणि काम, आणि चुकीच्या समजाची दुरुस्ती सर्वांत शेवटी. पुष्कळ मंडळ्यांत हा क्रम नेमका उलटा होतो. आल्याआल्या समज दुरुस्त करायला घेतात आणि माणूस जेवला का हे कुणी विचारत नाही.

७. विश्वास मोठा, अंधारही मोठा

विश्वास भक्कम असला की मन खचत नाही, या समजुतीला चर्चचा इतिहासच पुरावा देत नाही.

लंडनचा सुप्रसिद्ध प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन १८५६ मध्ये अवघा बावीस वर्षांचा होता. घरात महिन्याभराची जुळी मुलं होती. १९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सरे गार्डन्स म्युझिक हॉल हजारो श्रोत्यांनी खचाखच भरला होता. कुणीतरी 'आग' म्हणून खोटीच हाकाटी केली. चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. स्पर्जनला तिथून उचलून न्यावं लागलं. तो दोन आठवड्यांनी पुन्हा व्यासपीठावर उभा राहिला, पण औदासीन्याचे झटके जन्मभर येत राहिले. संधिवाताच्या गाउट या दुखण्याने त्यात भर घातली. त्याने हे लपवलं नाही. पाळक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर त्याने खास याच विषयावर व्याख्यान दिलं, आणि अति काम, बैठी दिनचर्या, एकटेपणा ही त्याची साधी कारणं सांगितली. विश्रांतीसाठी तो फ्रान्समधल्या मेंटन या किनाऱ्यावरच्या गावी जात असे. १८९२ मध्ये त्याचं निधन तिथेच झालं.

कवी विल्यम कूपरची गोष्ट आणखी अवघड आहे. १७६३ मध्ये एका सरकारी पदाच्या परीक्षेच्या धास्तीने तो इतका कोसळला की त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्सला डॉक्टर नॅथॅनिएल कॉटन यांच्या रुग्णालयात तो सावरला आणि तिथेच त्याला श्रद्धा गवसली. पुढे ऑल्नी गावात पाळक जॉन न्यूटन त्याचा मित्र झाला. एकेकाळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान असलेला हा कणखर मनाचा माणूस आणि हा हळवा कवी यांनी मिळून रचलेला गीतसंग्रह १७७९ मध्ये निघाला. पण त्याआधीच, १७७३ मध्ये, आजार उलटला होता. देवाने आपल्याला कायमचं टाकलं, अशी कूपरची खात्री पटली आणि ती अखेरपर्यंत फारशी हलली नाही. न्यूटनने त्याला वर्षाहून अधिक काळ स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. कूपर पुढे ससे पाळत, बागकाम आणि सुतारकाम करत, कविता लिहीत १८०० पर्यंत जगला. तो पूर्ण बरा झाला नाही, आणि न्यूटनने त्या कारणाने त्याची श्रद्धा खोटी ठरवली नाही.

एक नाव मराठी भाषेच्या इतिहासाशीही जोडलेलं आहे. मिशनरी विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये कोश. त्यांची पत्नी डोरोथी १७९३ मध्ये मनाविरुद्ध बंगालला आली होती. वर्षभरातच पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला. त्यानंतर तिचं मन सावरलंच नाही. संशयभ्रमाने तिला घेरलं. केरी आपल्या खोलीत भाषांतरं तपासत असताना शेजारच्या खोलीतून बंदिस्त डोरोथीचा आक्रोश ऐकू येत असे, असं नोंदवलं गेलं आहे. १८०७ मध्ये ती श्रीरामपूरला वारली. त्या काळी तिच्या आजारावर उपचार नव्हते. आज ते आहेत, आणि म्हणूनच आजच्या मंडळीची जबाबदारी केरींच्या काळापेक्षा मोठी आहे.

८. 'विश्वास कमी' हे उत्तर आलं कुठून?

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. तिच्यात खिन्नता होती, आणि भर दुपारी येणारा कंटाळाही होता, ज्यात साधूला कोठडी नकोशी होते आणि सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. त्याच्या दृष्टीने हे ओळखून तोंड द्यायचे हल्ले होते. सहाव्या शतकाअखेर पोप ग्रेगरी यांनी यादी सातावर आणली आणि पुढे ती 'सात महापापं' म्हणून लोकांच्या मनात बसली. कालांतराने साध्या माणसाच्या लेखी उदासपणा आणि पाप शेजारी शेजारी आले.

आधुनिक काळातही ही सावली दिसते. टिम लाहे यांनी १९७४ च्या नैराश्यावरच्या पुस्तकात आत्मदयेला मोठं कारण ठरवलं. स्वतःला कुरवाळत बसणाऱ्याला ते लागू पडेलही, पण त्याने आजारी माणसाच्या डोक्यावर आणखी एका अपराधाचं ओझं ठेवलं जातं.

परंपरेत दुसरा प्रवाहही तितकाच जुना आहे. १५३० मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या मुलांचा शिक्षक येरोम वेलर याला उदासपणावर पत्र लिहिलं. त्यातला सल्ला असा, की एकटा राहू नकोस, माणसांत मिसळ, हास्यविनोद कर, थोडी पीसुद्धा. सतराव्या शतकातल्या रिचर्ड बॅक्स्टर या प्युरिटन पाळकाने विषादावर लिहिताना श्रद्धेबरोबर औषधाचाही सल्ला दिला. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. ते शास्त्रातून कुणी काढून टाकलं नाही. गेथशेमानेत खुद्द येशू मरणप्राय दुःखी झाला आणि त्याने मित्रांना जवळ थांबायला सांगितलं. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही आत्महत्येच्या संदर्भात गंभीर मानसिक विकाराने माणसाची जबाबदारी कमी होते हे मान्य केलं आहे, आणि अशांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये असं सांगितलं आहे.

९. मंडळीने काय करावं?

भारतात या कामाचे चांगले नमुने आहेत. मेथडिस्ट मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स १९०७ मध्ये लखनौला आले आणि काही वर्षांतच मानसिक थकव्याने कोलमडले. त्या अनुभवातून गेलेल्या याच माणसाने १९५० मध्ये लखनौत 'नूर मंझिल' हे मानसोपचार केंद्र उभं केलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बागायम इथल्या मानसिक आरोग्य केंद्रात रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं. गोळी कशासाठी, धोक्याची लक्षणं कोणती, हे तेही शिकून जातं.

गरज किती आहे? १२ राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. दोनशे प्रौढांच्या मंडळीत हेच प्रमाण धरलं तर वीसएक जण दर रविवारी हे ओझं घेऊन बसलेले असतात.

खालच्या आवाजात प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंसाठी पाळकांना करता येईल ते असं. पहिल्या भेटीत ऐकून घ्यावं, आणि झोप, भूक, किती दिवस असं चाललंय ते विचारावं. जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारावं; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्यांना एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. लक्षणं दोन आठवड्यांहून जास्त असतील तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं ठरवावं आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत बसायला मंडळीतली एक मैत्रीण बरोबर द्यावी. प्रार्थना चालू राहावी, पण छोटी. लांबलचक उपवासप्रार्थनेचा भार त्या दिवसांत नको.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला सहसा दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात. मळमळ वगैरे त्रास मात्र सुरुवातीलाच होतो, म्हणून पहिल्या पंधरवड्यात पुष्कळ जण औषध सोडतात. मैत्रिणीचा फोन सर्वांत उपयोगी पडतो तो याच दिवसांत. बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर साधारण सहा महिने किंवा अधिक काळ गोळ्या चालू ठेवायला सांगतात. साक्ष देण्याच्या सभेत त्या बाईंनी बरं वाटतंय म्हणून देवाचे आभार मानले आणि कुणी आनंदाच्या भरात 'मग आता विश्वासाने गोळ्या सोडा' असं सुचवलं, तर पाळकांनी तिथेच थांबवावं, आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारून घ्यावी.